बदलापूरचे जांभूळ आणि कायमचे गिऱ्हाईक

शेतमालाला भाव मिळत नाही, ही तक्रार आपल्यात जुनीच आहे. परंतु त्याच बाजारात, त्याच दिवशी, तसाच दिसणारा दुसऱ्याचा माल अधिक दराने का उठतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. फळाची चव ते तोंडात टाकल्याशिवाय कळत नाही, आणि पैसे तर आधीच मोजावे लागतात. या अडचणीतून गिऱ्हाइकाची सुटका करते ते मालाचे नाव. ज्या नावाने मागील खेपेस फसविले नाही, त्या नावाकडे माणूस पुन्हा वळतो आणि दोन पैसे अधिक देण्यास कां-कू करीत नाही. व्यापारी ज्यास मार्का किंवा छाप म्हणतात, त्याचे सारे मर्म एवढेच आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण बदलापूरचे जांभूळ होय. २०२३-२४ या वर्षात या जांभळाची भौगोलिक मानांकनात नोंद झाली. पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळासही त्याच सुमारास हा मान मिळाला. बदलापूरच्या बागाईतदारांस याचा अभिमान वाटावा, हे योग्यच आहे. मात्र नोंद झाली म्हणजे गिऱ्हाईक बांधले गेले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. परगावच्या मालास आपले नाव लावण्याची तो मनाई करतो. आपल्या मालास गोडी आणून देणे त्याच्या हाती नाही. कायद्याने कुंपण घालून दिले आहे, आतले पीक आपणच राखावयाचे आहे.

शिवाय हे नाव सामाईक आहे. दुकानदाराचा मार्का त्याच्या एकट्याचा असतो; त्याने वाईट माल दिला तर नुकसानही त्याचेच होते. भौगोलिक नाव कोणास विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. ते गावच्या विहिरीसारखे आहे. एकाने तीत घाण टाकली तर पाणी सर्वांचेच बिघडते.

याचा कडू अनुभव महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांनी घेतला आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधक औषधाचा अंश तेथील मर्यादेहून अधिक आढळला आणि मालाची उचल थांबली. तेथील दुकानदाराने हा माल कोणाच्या बागेतला, हे विचारले नाही. भारतीय द्राक्ष म्हणूनच त्याने हात आखडता घेतला. ज्यांची बाग निर्दोष होती, तेही त्या तडाख्यात सापडले. पुढे तपासणी कडक झाली आणि व्यापार पुन्हा सावरला. त्यास २००६ पासून चालू असलेल्या ग्रेपनेट नावाच्या नोंदपद्धतीचा मोठा आधार झाला. या पद्धतीत निर्यातीच्या बागांची नोंद होते आणि पेटी कोणत्या बागेतून आली, याचा माग काढता येतो. जबाबदारी ज्याची त्याच्यावर ठरविता आली, म्हणजेच सामाईक नाव टिकते.

हापूस आंब्याची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. कोकणच्या हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले, तरी परप्रांतीचा आंबा रत्नागिरी व देवगडच्या नावाने पेट्यांत भरून विकला जातो, ही ओरड दर हंगामात ऐकू येते. नाव मोठे झाले की त्याची चोरी होणारच. खरा माल ओळखावा कसा, हे गिऱ्हाइकास ठाऊक नसेल, तर ते एकदा फसल्यावर खऱ्यासही खोटे समजते.

आपल्या शेजारच्या उल्हासनगरातही यासंबंधी एक बोध आहे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी कल्याणच्या छावणीतून हे नगर उभे केले. १९४९ साली त्याचे हे नाव पडले. तेथील मालावरच्या ‘यूएसए’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, अशी थट्टा लोक वर्षानुवर्षे करीत आले. आज मात्र तयार कपडे व फर्निचर घेण्यास दूरदूरचे लोक उल्हासनगर हेच नाव घेऊन येतात. उसन्या नावावर मिळालेले गिऱ्हाईक उसनेच असते. स्वतःच्या नावावर आलेले पुन्हा येते.

यावर कोणी म्हणेल, जांभूळ हे द्रोणातून विकले जाणारे नाशवंत फळ, त्यास मार्का कशाला? आमच्या मते त्यासच तो अधिक हवा. हे फळ मे अखेरीपासून जूनपर्यंतच मिळते, पावसाच्या सरीने बिघडते आणि तोडल्यावर जेमतेम दोन-तीन दिवस टिकते. एका घोसातील फळे एकदम पिकत नाहीत. उंच झाडावर चढून पिकलेली तेवढी हाताने वेचावी लागतात. एवढे कष्ट व जोखीम ज्यात आहे, तो माल अनोळखी गिऱ्हाइकाच्या घासाघिशीवर सोडणे परवडणारे नाही. गिऱ्हाईक आधीच ठरलेले असेल, तर पहाटे तोडलेले फळ लोकलने त्याच दिवशी मुंबईस पोहोचते. बदलापूरला हा लाभ आयताच आहे.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट प्रतवारीची. झाडावरून वेचलेले टपोरे फळ निराळे आणि खाली पडलेले निराळे ठेवावे. पडलेले फळ टोपलीच्या तळाशी घालणारा आपल्याच शेजाऱ्याचे नाव बुडवितो. त्यातील चांगल्या फळाचा रस काढावा, पण बदलापूरचे म्हणून ताज्या फळांत ते मिसळू नये.

दुसरी गोष्ट, प्रत्येक खोक्यावर बागाईतदाराचे नाव अथवा क्रमांक आणि तोडणीची तारीख असावी. माल खराब निघाल्याची तक्रार आली तर वाद न घालता तो बदलून द्यावा. एका खोक्याची किंमत गेली तरी गिऱ्हाईक राहते, आणि ते आपण होऊन चार घरी आपले नाव सांगते. याहून स्वस्त जाहिरात नाही.

तिसरी गोष्ट, आपला माल संपला की संपला असे सांगावे. बाहेरचे जांभूळ आणून तूट भरून काढू नये. तसेच ‘मधुमेह हमखास बरा होतो’ अशा पाट्या लावू नयेत. रोग बरा करण्याच्या अशा जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ज्याचा रोग बरा होणार नाही, तो आपल्या फळावरचा विश्वासही सोडून देईल.

चौथी गोष्ट, अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येकाने आपली नोंद करावी. तिचे शुल्क २०२० सालच्या सुधारणेने अवघ्या १० रुपयांवर आले. कायद्यातील उत्पादक या शब्दात माल पिकविणाऱ्याबरोबर तो बांधणारा व विकणारा हेही येतात. बदलापूरच्या स्टेशनाजवळ डोक्यावर पाटी घेऊन ज्या आदिवासी भगिनींनी हे नाव लोकांच्या जिभेवर बसविले, त्यांची नोंद बागाईतदारांनी पुढाकार घेऊन करावी. त्यांना वगळून वाढविलेले नाव न्यायाचे होणार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. गाव वाढले, इमारती उभ्या राहिल्या आणि जांभळीची झाडे तुटत गेली. बीपासून वाढविलेली जांभळी फळास येण्यास आठ-दहा वर्षे घेते. कलम त्याहून लवकर येते, तरी पाच-सहा वर्षे थांबावेच लागते. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते व ती पुन्हा वाढवून घेता येते. पण फळच उरले नाही, तर नोंदवहीतल्या नावाचे करावयाचे काय? म्हणून ज्याच्या बांधावर जागा आहे, त्याने या पावसाळ्यात आपल्याच गावच्या उत्तम झाडाची दोन कलमे लावावीत. आज जोडलेले गिऱ्हाईक दहा वर्षांनी परत येईल, तेव्हा त्याच्या ओंजळीत घालावयास बदलापूरचेच जांभूळ असले पाहिजे.