बोंबील, बदक आणि अनुवादक

दांडी-सातपाटीच्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकू लागतात. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेली मासळी. मीठ नाही, धूर नाही, फक्त ऊन आणि वारा. समजा, या किनाऱ्यावरच्या पाककृतींची इंग्रजी पुस्तिका ऑस्लोत वाढणाऱ्या मराठी नातवंडांसाठी नॉर्वेजियन भाषेत न्यायची आहे. अनुवादक कसा निवडावा?

अनुवादक आपल्या मातृभाषेत अनुवाद करणारा असावा, हा व्यवसायातील संकेत योग्यच आहे. पण खाण्यापिण्याच्या मजकुराला तेवढे पुरत नाही. इंग्रजीने बोंबलाला 'बॉम्बे डक' करून ठेवले आहे. त्याचा शब्दशः अनुवाद करणारा नॉर्वेजियन वाचकाच्या ताटात बदक वाढील. वास्तविक त्या वाचकाला बोंबील समजणे सोपे आहे. लोफोटेन बेटांवर कॉड मासा असाच बिनमिठाचा, शेपट्या बांधून जोडीने, लाकडी मांडवांवर सुकतो. त्याला 'तोर्रफिस्क' म्हणतात; मीठ लावून सुकवलेला 'क्लिपफिस्क' वेगळा. इंग्रजी 'ड्राय फिश' हा भेद गिळून टाकते. म्हणून जो अनुवादक काम हाती घेण्यापूर्वी "मीठ लावता का?" असे विचारील, तोच आपला.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. जवळ्याला कोणी इंग्रजीत 'बारीक सुकी मासळी' म्हटले, तर ती चूक नॉर्वेजियनमध्ये जशीच्या तशी उतरेल. मासे आणि कवचधारी जीव हे युरोपीय नियमांनुसार अ‍ॅलर्जीचे दोन स्वतंत्र घटक आहेत. ते उगाच नव्हे. नीरेला 'पाम वाइन' म्हटले की ताजा, न आंबलेला रस मद्य ठरतो. कोकम सरबताला मात्र नॉर्वेजियनमध्ये चपखल शब्द तयार आहे : 'साफ्ट', म्हणजे फळाच्या गोड अर्कात पाणी घालून केलेले पेय. इंग्रजी 'ज्यूस'ला चिकटून राहणाऱ्याला तो सुचणार नाही.

इब्सेन मराठीत मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने आला. बोंबलाला त्याच वाटेने उलट जायचे आहे, आणि मधल्या मुक्कामावर हरवलेले सामान पुढचा प्रवासी आपण होऊन शोधील, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यामुळे काही जबाबदारी आपलीही. इंग्रजी मजकुराबरोबर मूळ मराठी शब्द, छायाचित्र आणि कृतीचे वर्णन द्यावे. एखाद्या पाककृतीचा नमुना-अनुवाद योग्य मोबदला देऊन करून घ्यावा. आणि तो स्वयंपाक करणाऱ्या नॉर्वेजियन व्यक्तीला वाचायला द्यावा.

आपल्या अनुवादाच्या वर्गांत कवितेची चर्चा भरपूर होते. शेजारी एखादी पाककृतीही ठेवावी, असे मला वाटते. कवितेच्या अनुवादातील चूक 'अन्वयार्थ' म्हणून निभावून नेता येते. जवळ्याच्या बाबतीत ती सोय नाही.