भाड्याचा भालदार

मे महिन्यात वर्ध्यातल्या कुठल्याही मंगल लॉनवर जा. नवरदेवाच्या एन्ट्रीला दोन्ही बाजूंना फेटे बांधलेली पोरं उभी असतात. हातात सोनेरी रंग मारलेले भाले, अंगावर जाड सॅटिनचे अंगरखे आणि पारा ४५ च्या आसपास. मग गारद होते. छत्रपतींची बिरुदं डीजेच्या स्पीकरवर घुमतात आणि भाड्याच्या शेरवानीतला नवरदेव स्टेजकडे निघतो.

‘हौस आहे, तुझं काय जातं?’ असं मित्र विचारतात. जातं.

सजवलेलं शस्त्र खोटंच असतं, असं माझं म्हणणं नाही. हॅल्बर्ड घ्या: लांब दांड्यावर कुऱ्हाडीचं पातं, भाल्याचं टोक आणि मागे आकडा. अशी हत्यारं घेऊन स्विस लोक १३८६ मध्ये सेम्पाखला लढले; तिथे हाब्सबर्ग घराण्याचा ड्यूक लिओपोल्ड तिसरा मारला गेला. पुढे बंदुकांनी लढाई बदलली. १६व्या शतकात त्याच घराण्याच्या अंगरक्षकांच्या हातात लांब दांड्याची नक्षीदार हत्यारं आली. पात्यावर राजचिन्ह, सम्राटाची आद्याक्षरं, वरून सोन्याचा मुलामा. सामान्य माणसाचं हत्यार दरबाराने असं पचवलं. पण तो रक्षक निदान खरा होता, राजाच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर होती.

आपल्याकडे तर याहून भारी गोष्ट जिवंत आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार चांदीचा दंड उंचावतो आणि टाळ-मृदंग गप्प होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदाराला तिथे जावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, तोडगा काढावा लागतो. मगच आरती. त्या काठीचा मान चांदीमुळे नाही, या कामामुळे आहे.

लॉनवरच्या भाल्यामागे असं कोणतं काम आहे? आमच्या धंद्यात याला नुसता फ्रंटएंड म्हणतात, मागे सर्व्हरच नाही. शिवाय या खेळात एकाला राजा व्हायला दहा जणांना चाकर उभं करावं लागतं, तेही सेवाग्रामपासून हाकेच्या अंतरावर. महाराजांचं नाव घेऊन आपण विकत घेतो ती फक्त ही उतरंड.

पुढच्या लग्नात गारद चालू असताना नवरदेवाचा व्हिडिओ काढू नका. भाला धरलेल्या पोराजवळ जा आणि विचारा, पाणी प्यायलास का, आणि आजचे किती ठरलेत?