वंशावळीतील निनावी आजी

अँग्लो-इंडियन घराण्यातील कोणी आपली वंशावळ मांडू लागला की, बहुधा एका पुरुषापासून आरंभ करतो. गलबतातून उतरलेला कोणी इंग्रज वा स्कॉटिश शिपाई. त्याचे नाव, पलटण, थडगेसुद्धा सापडते. त्याच्याशी संसार केलेल्या बाईच्या जागी मात्र ‘देशी स्त्री’ एवढेच शब्द असतात, कित्येकदा तेही नसतात. कागदच मिळत नाहीत, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु काय टिपावे आणि काय वगळावे हे कोणीतरी ठरविले होते, आणि तेच आपण आजही निमूटपणे गिरवीत आहोत.

जेम्स स्किनर (1778-1841) याचे उदाहरण घ्यावे. पिता स्कॉटिश, माता रजपूत. माता देशी म्हणून कंपनीच्या 1791 च्या ठरावाने तिच्या सैन्यातील अधिकारपद त्याला बंद झाले आणि तो शिंद्यांच्या कवायती फौजेत शिरला. 1803 साली इंग्रज-मराठे युद्ध पेटताच, पिता ब्रिटिश म्हणून तेथूनही त्याला निरोप मिळाला. दोन्ही कुळांची किंमत त्याने मोजली. तरी चरित्रांत पित्याचे कुळ सविस्तर येते आणि मातेची ओळख ‘एका रजपूत जमीनदाराची कन्या’ येथेच बहुधा थांबते.

स्वतंत्र भारतानेही तीच रेघ ओढली. घटनेच्या अनुच्छेद 366(2) नुसार अँग्लो-इंडियन ठरण्यास पिता किंवा पितृपरंपरेतील कोणी पुरुष युरोपीय वंशाचा असावा लागतो. केवळ माता युरोपीय असून भागत नाही. लोकसभेतील या समाजाची नामनियुक्ती 2020 साली संपली. व्याख्या मात्र कायम आहे. मराठी वाचकाने यावर हसू नये. आपल्या कुलवृत्तान्तांतही मुलगी सासरी गेली की फांदी खुंटतेच.

जुने छायाचित्र मात्र लेखनिकाचे ऐकत नाही. खुर्चीत टोपीवाला साहेब, शेजारी लुगड्यातील स्त्री, आणि दोघांचीही चेहरेपट्टी घेऊन उभे असलेले मूल! म्हणूनच असा फोटो आल्बमात न लागता पेटीच्या तळाशी जातो, आणि नातवाने विचारले तर ‘ती आया होती’ असे सांगितले जाते. पणजीला मोलकरीण ठरवून मिळविलेली प्रतिष्ठा ही कसली प्रतिष्ठा?

कोणी म्हणेल, पुरावा नसता नाव कोठून आणावे? कल्पून लिहू नये, हे मान्यच आहे. पण तिच्यासाठी वंशवृक्षात रिकामी चौकट तरी ठेवावी. रिकामी चौकट पुढच्या पिढीला प्रश्न विचारते. जी काढलीच नाही ती काय विचारणार? घरातील वृद्ध हयात आहेत तोवर प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत, आणि ‘आया कोण?’ हे पुन्हा एकदा विचारावे. गलबताचा शोध त्यानंतर घेता येईल. गलबताची नोंद दफ्तरात सुरक्षित आहे. आजीचे नाव जाणणारे ओठ तेवढे सुरक्षित नाहीत.