तलावाचं पाणी आणि वैशाखाचं ऊन

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा संपल्या, की पोहण्याच्या तलावाबद्दलची पत्रं सुरू होतात. यंदा वांद्र्याच्या एका भगिनीने विचारलंय, "पोहून आलं की मुलांचे डोळे लाल होतात, अंगाला क्लोरीनचा भपकारा येतो. रखवालदाराला पावडर कमी टाकायला सांगू का?"

मुळीच सांगू नका! तो भपकारा जास्त क्लोरीनचा नसतो. घाम, अंगाला चोपडलेलं तेल आणि (लहान मुलं पाण्यात काय करतात ते आपण आया जाणतोच) यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतं. डोळ्यांना झोंबतं आणि नाकात जातं ते हेच. म्हणजे क्लोरीन कमी पडलाय, असा त्याचा अर्थ. स्वच्छ राखलेल्या तलावाला जेमतेमच वास येतो. म्हणून तलावात उतरण्याआधी साबण लावून अंघोळ हवीच, मग ते घरचं मूल असो की पाहुण्यांचं.

आता उन्हाचं पाहा. पाली हिलवर पूर्वी बंगले होते, तिथे आता मनोरे झालेत आणि त्यांचे तलाव पोडियमवर किंवा गच्चीवर, दिवसभर उघड्या उन्हात. सकाळी घातलेला साधा क्लोरीन अशा उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो. मुलं संध्याकाळी उतरतात तेव्हा पाण्यात राखण करायला कुणी नसतंच! म्हणून पावडर टाकायची ती सांजवातीनंतर, तलाव रिकामा झाल्यावर. रात्रभर पंप चालू ठेवावा आणि सकाळी तपासून मगच मुलांना सोडावं.

किती टाकायची? लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि त्याला हजाराने गुणा. झाले लिटर. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सव्वा मीटर खोल तलावात चाळीस हजार लिटर पाणी मावतं. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, तेव्हा पाव किलोत लिटरमागे दोन मिलिग्रॅम मिळतो. एक ते तीनच्या दरम्यान राहिला की पुरे. पावडर थेट टाकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात कालवावी, चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी ओतावी.

पण नुसत्या क्लोरीनने भागत नाही. आमटीत चिंच-गूळ जमला नाही तर मसाला कितीही घाला, चव येत नाही. तसंच पाण्याच्या पी.एच.चं. तो 7.2 ते 7.6 हवा. 7.5 ला निम्मा क्लोरीन कामाचा असतो, 8 ला जेमतेम पाव. म्हणजे पैसे टाकायचे चार आण्यांच्या कामाला रुपया! ब्लीचिंग पावडरीने पी.एच. चढतो, ट्रायक्लोरच्या गोळ्यांनी उतरतो. तो सारखा खालीवर होत असेल तर क्षारता कमी आहे असं समजा. ती 80 ते 120 च्या आत हवी. त्यासाठी आपला खायचा सोडा चालतो: दहा हजार लिटरला 170 ग्रॅम टाकला, की क्षारता दहाने वाढते. तपासणीचं किट थेंब मोजून वापरायचं असतं, एवढं मात्र पथ्य पाळा.

तानसा-वैतरणेचं नळाचं पाणी मऊ. तलाव भरतो मात्र टँकरने, आणि टँकरचं पाणी बहुधा विहिरीचं किंवा बोअरचं, जड. उन्हाने पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वरून पुन्हा टँकर. मग गीझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर फरशांवर चढतो. कितीही घासा, जात नाही. थोडं पाणी काढून मऊ पाणी घालणं हाच उपाय. ट्रायक्लोरच्या गोळ्यांतून उतरणारं स्टॅबिलायझरही असंच साठतं. 30 ते 50 पर्यंत ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. पुढे गेलं की क्लोरीनलाच सुस्त करून टाकतं, आणि तेही पाणी बदलल्याशिवाय कमी होत नाही. म्हणून 'गोळ्या टाका आणि विसरा' या दुकानदाराच्या बोलण्याला मी फारशी किंमत देत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. हे सारं हाताळतो कोण? बिचारा रखवालदार, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, उघड्या हातांनी. ट्रायक्लोर आणि ब्लीचिंग पावडर कधीही एका डब्यात, एका चमच्याने, एका बादलीत घेऊ देऊ नका. दोन्ही एकत्र आल्यास आग लागू शकते, स्फोटही होतो. पावडरीवर ॲसिड सांडलं तर विषारी वायू सुटतो. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावं, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. डबे वेगवेगळ्या कपाटांत, कोरड्या जागी, त्यांवर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत नावं. त्याला हातमोजे आणि चष्मा सोसायटीच्या खर्चाने द्या. कमिटीतले पुरुष खर्चाची कुरकुर करतील, करू द्या.

पंप बंद ठेवून तलाव तसाच सोडू नका. मलेरियाच्या डासाला स्वच्छ साचलेलं पाणीच आवडतं.

आणि जूनमध्ये पहिली मोठी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा तपासा, कारण पावसाने क्षारता आणि क्लोरीन दोन्ही पातळ होतात. उरलेली पावडर पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवू नका. दमट हवेत तिचा जोर निघून जातो.