वाडा म्हातारा झाला म्हणे!

दिवाळी तोंडावर आली की नव्या घरांना रंग लागतो आणि जुन्या वाड्यांना दूषणे लागतात. भिंतीचा पोपडा सुटला, तुळईतून भुसा गळला, की घरातला कर्ता पुरुष सुस्कारा टाकून म्हणतो, ‘वाडा म्हातारा झाला हो! आता किती दिवस ठेवायचा?’ शेजारी मान डोलावतो, गवंडी मान डोलावतो, आणि बिल्डर तर कधीचा दिंडीदरवाजात उभाच असतो. या साऱ्या मंडळींना मला एकच सांगायचे आहे. वाडा म्हातारपणाने मरत नाही. तो मरतो हेळसांडीने, नाहीतर चुकीच्या औषधाने. त्यातही मला अधिक राग आहे तो औषधाचा. कारण ते मायेपोटी, चांगले पैसे मोजून दिले जाते.

त्या औषधाचे नाव सिमेंट!

सिमेंटशी माझे वैर नाही. धरणाला, पुलाला, नव्या इमारतीला ते खुशाल वापरा. पण पोर्टलंड सिमेंटचे पेटंट विलायतेत जोसेफ ॲस्पडिनने घेतले ते १८२४ साली. आपली पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे पुण्याचे, वाईचे पेशवाईतले वाडे ज्या हातांनी उभे केले, त्यांना ही भुकटी स्वप्नातही ठाऊक नव्हती. त्यांचा हिशेब निराळा होता. खाली दगडी जोते, त्यावर वीट किंवा पांढरी माती, सागवानी खांब, तुळया आणि वरून चुन्याचा गिलावा. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, वाळू घालून घाणीत मळायची. भिंतीवर चढलेला हा चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड सावकाश शोषतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड बनतो. तरी त्याची बारीक छिद्रे उघडी राहतात. जमिनीतली ओल भिंतीत चढली तरी त्या छिद्रांवाटे हवेत उडून जाते.

शाळेत मुलांना हे समजावताना मी माठाचे उदाहरण देतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहते. त्याच माठाला बाहेरून तेलरंग फासा, म्हणजे काय होते ते सहावीतले पोरही सांगेल. पण तेच पोर मोठे होऊन घराचे मालक झाले की भिंतीला सिमेंट थापते आणि वर प्लॅस्टिकचा रंग चढवते!

पुढे काय होते? ओलीची वाट बंद होते. मग ती भिंतीत वरवर चढते आणि तुळईचे जे टोक भिंतीत रोवलेले असते तिथवर पोचते. लाकूड कुजू लागते, मागोमाग वाळवी येते. सिमेंट कडक, जुनी भिंत मऊ. ऋतूमानाने ती थोडी हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून तडा जातो. त्या तड्यातून पावसाचे पाणी आत शिरते, पण बाहेर पडत नाही. मालक तडा पाहून म्हणतो, ‘भिंतीत दमच उरला नाही,’ आणि सिमेंटचा दुसरा हात देतो. रोग्याचे नाकतोंड दाबायचे आणि तो गुदमरला की म्हणायचे, वयच झाले होते!

यावर दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले पानशेतचे. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले आणि मुठेकाठचे मातीचे वाडे बसले, हे खरे. माती पाण्यात उभी राहिली की विरघळणारच. म्हणून तर वाड्याचे पहिले पथ्य पाणी दूर ठेवण्याचे! दुसरे उत्तर किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली, त्यांच्यापुढे मीही मान खाली घालतो. पण तिथे भिंतींचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचे ओझे होते. पुढे इंजिनियरांनी तगलेल्या घरांना उपाय सांगितला तोही हाच: भिंतीत आरपार बांधदगड घाला, माळवदाचे ओझे कमी करा, लाकडाचे सांधे आवळा. जे घर खरोखर धोक्याचे असेल ते जरूर उतरवा. पण तो निकाल जाणत्या इंजिनियराने द्यावा. ज्याला ती जागा हवी आहे त्याने देऊ नये.

मालक म्हणतात, भाडी गोठली, दुरुस्ती कशी परवडावी? तक्रार खोटी नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. दहा रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे. त्यात एक मंगलोरी कौलही येत नाही. पण महाराज, सिमेंटच्या गोणीला मग पैसे निघतात ते कोठून? आणि भाडेकरूंनो, वाढ नको म्हणून भांडताना कौल फुटले तर ‘मालक बघेल’ म्हणून तुम्ही छपराखाली बादली मांडता, ही कसली राहणी?

खर्चाची कामे पुढची. आधीची पथ्ये स्वस्त आहेत. मृगाआधी कौले परता, फुटकी बदला. पन्हळीतला पाला काढा. न्हाणीचे पाणी जोत्यापासून लांब न्या. तुळईचे टोक कुजले असेल तर जाणत्या सुताराकडून तेवढेच कापून नवे सागवान जोडून घ्या; सबंध माडी उतरवू नका. गिलावा पडला तर चुन्याचाच करा.

‘चुना मळणारा गवंडी आता मिळतो कुठे?’ असे विचाराल. थोडे आहेत, शोधावे लागतात. तुम्ही काम दिले नाहीत म्हणून त्याच्या मुलाने सिमेंटची थापी धरली. आणखी पंचवीस वर्षे काम दिले नाही, तर दुरुस्तीला पैसे असतील, वाडाही असेल, पण हात नसतील.

तेव्हा या दिवाळीत प्लॅस्टिकच्या रंगाचा डबा उघडण्याआधी भिंतीला तळहात लावून बघा. ओल लागली तर रंग राहू द्या. पाणी कोठून येते ते आधी शोधा, आणि सफेदी चुन्याचीच द्या. पणत्या तिच्यापुढेही तेवढ्याच उजळतील.