सीझन कोणाचा आणि धंदा कोणाचा?



दिवाळी दीड महिन्यावर आली की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच साच्याचे मेसेज सुरू होतात. "सर, समोरच्या दुकानात अमुक आयटम तुफान चाललाय. मी पण मागवू का? दोनशे पीस घेतले तर होलसेलवाला रेट कमी करतोय." मागच्या आठवड्यात बॅचमधल्या एका ताईंचा असाच मेसेज आला. फरक एवढाच, की त्या मालासाठी त्या सोनं गहाण ठेवायला निघाल्या होत्या.

त्यांना फोनवर जे सांगितलं ते या आठवड्याच्या व्हिडिओत थोडक्यात आलंय. इथे सविस्तर लिहितो, कारण एक कबुलीही द्यायची आहे. निन्टेन्डोच्या 'वी'ची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. पण आजपर्यंत ती अर्धीच सांगत आलो.

आधी ती अर्धी गोष्ट बघा. २००६ साल, अमेरिकेतला नाताळचा सीझन. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या बाजारात सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधीच आलेला. दोघांची भांडणं चित्र किती सुंदर आणि मशीन किती ताकदवान यावर. निन्टेन्डो या शर्यतीत उतरलीच नाही. तिचा आधीचा गेमक्यूब सव्वादोन कोटीही खपला नव्हता. तिने २५० डॉलरचं साधं मशीन आणलं आणि हातात एक रिमोट दिला. रिमोट बॅटसारखा फिरवा, टीव्हीवरचा खेळाडू टेनिस खेळतो. बटणं शिकायची गरज नाही. आजी खेळते, नातू खेळतो.

दोन नाताळ लोक वीसाठी रांगा लावत होते. २००७ च्या डिसेंबरमध्ये तर माल एवढा कमी पडला, की एका दुकानसाखळीतून पूर्ण पैसे आगाऊ घेऊन 'जानेवारी संपायच्या आत देतो' अशा पावत्या दिल्या गेल्या. आणि सोनीला सुरुवातीला प्रत्येक मशीनमागे तोटा होत असताना निन्टेन्डो पहिल्या दिवसापासून नफ्यात विकत होती. पुढे वी दहा कोटींच्या वर खपला.

इथे मी थांबायचो. टाळ्या व्हायच्या. "जे कोणाचंच गिऱ्हाईक नाही, त्याला आपलं गिऱ्हाईक करा" असं म्हणून चहाचा ब्रेक.

आता उरलेली गोष्ट.

वीचा गल्ला बघून बाकी दोघं जागे झाले. २०१० च्या सप्टेंबरमध्ये सोनीने 'मूव्ह' आणला. तोही हातात धरायचा रिमोट, वर चमकणारा गोळा. टीव्हीसमोरच्या कॅमेऱ्याला गोळा दिसतो आणि हात कुठे आहे ते नेमकं कळतं. हे वीपेक्षा जास्त अचूक चालायचं. नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने 'कायनेक्ट' आणला. त्यात हातात काहीच नाही! समोरचा सेन्सर तुमचं अख्खं शरीर बघतो. उडी मारलीत की टीव्हीवरचा माणूस उडी मारतो.

तुम्ही दुकानदार आहात, म्हणून किमती मांडतो. मूव्हचा कॅमेरा, रिमोट आणि गेम मिळून सेट १०० डॉलरला. कायनेक्ट गेमसकट १५० ला. पाटीवर मूव्ह स्वस्त. पण घरी दोघांना खेळायचं असेल तर दुसरा रिमोट ५० डॉलरचा, म्हणजे झाले १५०. काही गेमना एकाच माणसाच्या दोन्ही हातांत रिमोट लागायचे. कायनेक्टमध्ये दुसऱ्या माणसासाठी वेगळं काहीच घ्यायचं नाही. पाटीवरची किंमत वेगळी आणि घरात पडणारी किंमत वेगळी. गिऱ्हाईक हा हिशेब बोलून दाखवत नाही, पण मनात करतो.

सीझन कायनेक्टने मारला. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख, आणि सर्वात वेगाने विकलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणून गिनीज बुकात नोंद. सोनीनेही ४१ लाख मूव्ह गेल्याचं जाहीर केलं, पण तो आकडा दुकानांना पाठवलेल्या मालाचा होता. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. दुकानात पोचलेला माल आणि घरात पोचलेला माल यांत फरक असतो, आणि त्या फरकात पैसा अडकतो तो दुकानदाराचा. कंपनीची विक्री तुम्हाला माल दिला तेव्हाच झालेली असते!

मग कायनेक्टने धंदाही मारला का? नाही. कायनेक्टसमोर एका माणसाला साधारण सहा फूट मोकळी जागा लागते, दोघांना आठ. म्हणजे सोफा सरकवा, टीपॉय उचला. नाताळच्या सुट्टीत पाहुणे जमले की हे करायला मजा येते. मंगळवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर कोण करणार? आणि जे रोज तासन् तास खेळतात, गेमवर वर्षभर पैसे घालतात, त्यांना सोफ्यावर बसून हातातल्या कंट्रोलरनेच खेळायचं होतं.

मायक्रोसॉफ्टने नेमकं हे ओळखलं नाही. २०१३ मध्ये नवा एक्सबॉक्स वन आणला आणि नवा कायनेक्ट सक्तीने सोबत दिला. किंमत ४९९. सोनीने प्लेस्टेशन ४ ३९९ ला ठेवला, कॅमेरा ज्याला हवा त्याने वेगळा घ्यावा. म्हणजे जे गिऱ्हाईकाला नको होतं, त्याचे शंभर डॉलर मायक्रोसॉफ्ट मागत होती. जून २०१४ मध्ये कायनेक्टशिवायचा डबा ३९९ ला काढावा लागला. २०१७ मध्ये कायनेक्टचं उत्पादन बंद.

आणि वी? ते घराघरांतलं गिऱ्हाईक पुढे खिशातल्या फोनवर खेळायला लागलं. तिथे गेम एका डॉलरला किंवा फुकट. निन्टेन्डोचा २०१२ चा वी यू दीड कोटीसुद्धा खपला नाही. दहा कोटींवरून दीड कोटीच्या आत! ही उरलेली गोष्ट मी बॅचमध्ये सांगत नव्हतो, कारण तिला टाळ्या मिळत नाहीत.

माझं मत आता स्पष्ट सांगतो. सीझन जिंकणं ही मोठी गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण सीझन नवलाईवर जिंकता येतो. धंदा मात्र दुसऱ्या खरेदीवर चालतो. त्यामुळे 'हा आयटम चालेल का' हा अर्धाच प्रश्न आहे. खरा प्रश्न आहे, 'हा घेतलेला माणूस फेब्रुवारीत माझ्याकडे काय घ्यायला परत येईल?' निन्टेन्डोलाही जोवर याचं उत्तर होतं तोवर वी चालला. वी फिट आणलं, त्यासोबत उभं राहायचा बोर्ड आणला, आणि तेही दोन कोटींच्या वर खपलं. उत्तर संपलं तेव्हा गर्दीही संपली.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१७ ला, ज्या वर्षी कायनेक्ट बंद झाला त्याच वर्षी, माझ्या गिफ्ट-स्टेशनरीच्या दुकानात मी फिजेट स्पिनर आणले. पहिले शंभर आठवड्यात संपले. दुसरे शंभर दहा दिवसांत. माझी छाती फुगली आणि तिसऱ्या वेळी रेट कमी मिळतोय म्हणून चारशे उचलले. तो बॉक्स आला तेव्हा पोरं दुसऱ्याच नादात होती. बीबीएला इन्व्हेंटरीचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सुटलो होतो, बरं का! त्यातले काही पीस आजही काउंटरखाली आहेत. फेकत नाही मुद्दाम.

मग काय, सीझनचा माल घ्यायचाच नाही? घ्यायचा. पण असा घ्या:

१. नवलाईच्या मालात तेवढाच पैसा घाला, जेवढा पूर्ण बुडाला तरी जानेवारीचं भाडं आणि पगार थांबणार नाही. कर्ज काढून तर नाहीच.

२. रेट कमी मिळतोय म्हणून संख्या वाढवू नका. पहिला लॉट छोटा. दुसरा लॉट यायला किती दिवस लागतात ते आधी विचारा. वाहतुकीत जाणारे पंधरा दिवसच शेवटचा लॉट अडकवतात.

३. घरात पडणारी किंमत काढा. सेल, चार्जर, रिफिल, फिटिंग, सगळं धरून. आणि ती गिऱ्हाईकाला आपणहून सांगा.

४. बिल करताना विचारा, "घरी कोण वापरणार?" हे एका वहीत लिहा. परत कोणाला फोन करायचा ते ही वही सांगते.

५. चालत नसलेला माल चालत्या मालाच्या गळ्यात बांधू नका. शंभर डॉलरचा धडा आठवा.

आणि हरलेल्याबद्दलही एक सांगतो. मूव्ह त्या सीझनला मागे पडला, पण सोनीने तो टाकून दिला नाही. २०१६ मध्ये डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट आला, तेव्हा हातात धरायला तोच मूव्ह पुन्हा विकायला काढला. अचूकतेचा गुण होता, त्याला सहा वर्षांनी योग्य जागा मिळाली. निन्टेन्डोनेही २०१७ ला स्विच आणला. त्यात हात हलवून खेळायची सोय आहे, पण सक्ती नाही. तो तर पंधरा कोटींच्या वर गेला. म्हणजे कल्पना वाईट नव्हती. एकाच सीझनवर सगळं लावणं वाईट होतं.

त्या ताईंनी दोनशेऐवजी चाळीस पीस मागवलेत. सोनं घरातच आहे. चाळीस संपले आणि दिवाळीत आणखी मागणी आली, तर त्यांचा थोडा नफा हुकेल आणि त्या माझ्यावर रागावतील. मला चालेल. हुकलेला नफा पुढच्या सीझनला भरून निघतो, अडकलेलं भांडवल भरून निघायला वर्षं जातात.

या आठवड्याचा गृहपाठ: मागच्या दिवाळीचं बिलबुक काढा. त्यातले किती जण होळीपर्यंत परत आले ते मोजा आणि तो आकडा कमेंटमध्ये लिहा. छोटा असला तरी लिहा. माझाही लिहितोय.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.