एक डोळा झाकून बघा



१ जूनला बंदी लागेल, बोटी वर येतील, ३१ जुलैपर्यंत आपण सगळे घरी. दरवर्षी या वेळी मी डिझेल सबसिडी नाहीतर जाळ्यांवर लिहितो. आज मुलांच्या डोळ्यांवर लिहितोय, कारण ते माझ्याच घरात घडलंय.

दोन वर्षांमागे बंदीच्या दिवसांत माझा मुलगा जेटीवर खेळत होता. वय सहा. पाइपचा तुकडा उजव्या डोळ्याला लावून समोरच्या बोटींचे नंबर वाचत होता. मी सहज म्हटलं, आता डाव्या डोळ्यानं वाच. त्यानं पाइप फिरवला नि गप्प झाला. म्हणाला, "पप्पा, ह्या बाजूनं पाइप खराब आहे."

डोळा तिरळा नव्हता, लाल नव्हता, दुखत नव्हता. आदल्या वर्षी शाळेच्या तपासणीत तो पास झाला होता. नंतर कळलं, बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्यानं बघून वाचत होता. पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात गेलो, तिथं मशीनवर दोन मिनिटांत नंबर काढून दिला. तो चुकीचा निघाला. लहान मूल नजर ताणून नंबर लपवतं, म्हणून डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करून मगच नंबर काढायचा असतो. हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी केलं तेव्हा खरं कळलं. उजवा डोळा जवळजवळ ठीक, डाव्याला मोठा प्लस नंबर, नजर ६/२४.

याला आळशी डोळा म्हणतात, डॉक्टरी भाषेत अँब्लिओपिया. शंभर मुलांत दोन-तीन जणांना असतो. नाव चुकीचं आहे असं मला वाटतं, कारण डोळा आळस करत नाही. पहिली सात-आठ वर्षं मेंदू बघायला शिकत असतो. एका डोळ्याकडून धूसर चित्र येत राहिलं की मेंदू ते घेणंच सोडून देतो. मग मोठेपणी कितीही भारी चष्मा लावा, नजर पुरी येत नाही. कारण नंबरातला फरक असेल, तिरळेपणा असेल, नाहीतर जन्मतः मोतीबिंदू किंवा पापणी खाली पडलेली. फोटोत बाहुली पांढरी चमकली तर मात्र एक दिवसही थांबू नका, लगेच दाखवा.

उपचार महाग नाही, पण चिकाटी लागते. आधी चष्मा, दिवसभर. काही मुलं तेवढ्यानंच सुधारतात. आमचा साडेतीन महिन्यांत थोडा सुधारला, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज दोन तास. नजर जास्त गेली असेल तर सहा तासही सांगतात. घामानं पट्टी सुटायची, पोरगं ओढून फेकायचं, शाळेत "काणा" म्हणायचे. माझी बायको त्या दोन तासांत त्याच्याशी कॅरम खेळायला बसायची, म्हणून निभावलं. पट्टी अजिबात न टिकणाऱ्यांना चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिनचे थेंब देतात, ते डॉक्टरच ठरवतात. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विष आहे. आता डावा डोळा ६/९ आहे. तरी तपासणी चालूच, कारण पट्टी सुटली की काही मुलांची नजर परत उतरते.

आता थोडं कडू बोलतो. आपल्या वाड्यात अजून म्हणतात, तिरळं पोर भाग्याचं. कोणी म्हणतं, मोठं झालं की आपोआप सरळ होईल. मुलगी असेल तर चष्मा नको, लग्नाला अडचण. एका घरात पट्टी दोन महिन्यांत बंद केली, लोक विचारतात म्हणून. लोकांचं काय जातं? आपली पोरं जहाजावर नोकरीला जातात, तिथं मेडिकलला दोन्ही डोळे वेगवेगळे बघतात. तेव्हा विसाव्या वर्षी पट्टी लावून भरवसा नाही. वय वाढलं म्हणून सोडूही नका, बारा-तेरा वर्षांपर्यंत काही मुलांना फरक पडतो. पण चार वर्षांचं पोर जितकं लवकर सुधारतं तितकं बारा वर्षांचं नाही.

कमिटीत मी विषय मांडला तर एकजण म्हणाला, सोसायटीचं काम डिझेल नि बर्फाचं, डोळ्यांचं नाही. दहावीच्या सत्काराला शाल-नारळावर आपण खर्च करतोच ना? त्यातलाच थोडा जूनमध्ये तपासणीवर करूया, एवढंच माझं म्हणणं. बंदीत बापही घरी असतो, बोटीचं कारण सांगता येत नाही.

तोपर्यंत घरी एवढं करा. मुलाचा एक डोळा तळहातानं पुरा झाकून लांबचं काहीतरी ओळखायला लावा, मग दुसरा. एक डोळा झाकला की मूल रडत असेल, हात ढकलत असेल, तर तेही लक्षण समजा. यात बरोबर दिसलं तरी थेंबांची तपासणी टाळू नका.

तीन ते सात वर्षांची मुलं असलेल्यांनी सोसायटीच्या ऑफिसात नाव लिहून द्यावं, डिझेल कूपनच्या टेबलावर वही ठेवली आहे. जेटीवर राहणाऱ्या खलाशांच्या मुलांचीही नावं घेतोय.

— सचिव